म्हणे वर्कस्टेशन घेतलं!

नावं सांगणार नाही. कर सल्लागाराच्या धंद्यात तोंड बंद ठेवण्याचेही पैसे मिळतात. पण चिंचवडसारख्या ठिकाणी कुणी काय घेतलं हे कुरिअरवाल्यानंतर मलाच कळतं, कारण बिल माझ्याकडे येतं. आणि हल्ली जी बिलं येताहेत ती पाहून गप्प बसवत नाही हो.

पूर्वी कशी साधी बिलं असायची. लेथचं टूलिंग, ऑफिसचा एसी, फार तर मालकाची नवी स्कूटर. आता भोसरीत चार पोरं हाताशी धरून फिक्स्चर डिझाइनचं ऑफिस चालवणारा गृहस्थ येतो, बसायच्या आधीच बिल पुढे सरकवतो आणि लाजत हसतो. बिलावर एक नग. किंमत साडेतीन लाख, १८ टक्क्यांनी जीएसटी त्रेसष्ट हजार, एकूण चार लाख तेरा हजार. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. शून्यं तेवढीच. म्हटलं, "अहो, लॅपटॉपच आहे ना हा?" तर माणूस चक्क दुखावला. "मॅडम, लॅपटॉप नाही म्हणायचं. मोबाइल वर्कस्टेशन."

शिव शिव! चूक झाली.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे, आणि सांगते, साथ पसरली आहे. आमच्या सोसायटीतल्या आर्किटेक्ट बाईंना हवंय. तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला हवंय. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना तर सगळ्यात मोठं हवंय. पार्किंगमध्ये दोन पुरुष कुजबुजताना दिसले की पूर्वी समजायचं, फ्लॅटचे भाव किंवा कुणाचं तरी लफडं. आता जवळ गेलं की कानावर येतं, "चौसष्ट जीबी घेऊ की शहाण्णव?"

आणि घेत कुणीच नाही पटकन, ही खरी गंमत. प्रत्येकाकडे एक्सेलचा एक तक्ता आहे. आडवे रकाने मॉडेलचे, उभे प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी, पडदा, वजन, वॉरंटी, भाव. हिरवे-लाल रंग भरलेले. फाइलचं नाव "फायनल", मग "फायनल नवीन", मग "फायनल नवीन खरं". तक्ता पुरा होत आला की कंपनी नवी पिढी काढते, मग सगळं पहिल्यापासून. बायका म्हणतात, नवरा रात्री एक वाजता पडद्याकडे बघून एकटाच हसत असतो. बघितलं तर काय, दुसऱ्याच मॉडेलचा कीबोर्ड बघत होता!

बरं, हे खूळ आजचं नाही. २००८ च्या डिसेंबरात लेनोव्होने थिंकपॅड डब्ल्यू७००डीएस नावाचं एक प्रकरण आणलं होतं. सतरा इंची पडदा, आणि त्याच्या पाठीमागून बाजूला ओढून काढायचा आणखी एक साडेदहा इंची पडदा. तळहात टेकतो तिथे पेनाने चितारायची पाटी. पडद्याचे रंग खरे आहेत की नाहीत हे तपासणारं यंत्रसुद्धा तिथेच बसवलेलं. झाकण मिटायचं, ते आतल्या आत पडद्याकडे बघून रंग मोजायचं. वजन सुमारे पाच किलो. पाच! आणि नाव काय, तर मोबाइल. हमाल सोबत असला तर मोबाइलच म्हणायचं. छायाचित्रकारांसाठी होतं म्हणे. मला तर ते यंत्र आजही आवडतं. ज्याने कुणी ते केलं त्याला लाज नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती.

आता नावांचा तमाशा ऐका. एनव्हिडियाची कामाची ग्राफिक्स कार्डं वीसेक वर्षं "क्वाड्रो" म्हणून ओळखली गेली. २०२० पासून कंपनीने नव्या कार्डांवरून ते नाव उतरवलं. मग आरटीएक्स ए२०००, ए५००० वगैरे. मग त्यांच्या शेपटीला "एडा". २०२५ पासून आरटीएक्स प्रो. भोसरी-चाकणकडे मात्र सगळे अजून क्वाड्रोच म्हणतात. डेलने त्यावर कडी केली. वर्षानुवर्षं चाललेलं "प्रिसिजन" हे चांगलं नाव, ऐकलं की मायक्रोमीटर आठवावा असं. जानेवारी २०२५ मध्ये ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले, आता "डेल प्रो मॅक्स". त्यात पुन्हा साधं प्रो मॅक्स, प्रो मॅक्स प्लस आणि प्रो मॅक्स प्रीमियम. मला वाटलं बिल लिहिणाऱ्या पोराच्या हाताला मुंग्या आल्या की काय. एक ग्राहक मला विचारतो, "मॅडम, प्लस मोठं की प्रीमियम?" मी काय ज्योतिषी आहे?

पण खरी भानगड वेगळीच आहे, आणि ती ऐकून माझ्या तोंडात बोटंच गेली. गेमिंगच्या लॅपटॉपात जीफोर्स आरटीएक्स ४०९० असतं. वर्कस्टेशनात आरटीएक्स ५००० एडा असतं. दोन्हींच्या आत एकच चिप. कोअर दोन्हीकडे ९,७२८, मेमरी दोन्हीकडे १६ जीबी. खालच्या पायरीवरही तेच: जीफोर्स ४०६० आणि आरटीएक्स २००० एडा, दोघांचे कोअर ३,०७२. एकाच आईची लेकरं; एकाला रंगीत दिवे लावून पोरांबरोबर खेळायला सोडलंय, दुसऱ्याला काळा कोट घालून कारखान्यात पाठवलंय, आणि कोटवाल्याचं बिल लाखाने जास्त. म्हणजे लाखाचा कोट!

हे मी त्या भोसरीच्या गृहस्थाला ऐकवलं. वाटलं, बिचारा खचेल. तो शांतपणे म्हणाला, "माहितीये की." मग त्याने जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून इथे लिहिते. पैसे चिपचे नाहीत, प्रमाणपत्राचे आहेत. सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स असली सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या यंत्रं तपासून यादी काढतात: हे मॉडेल, हे कार्ड, ड्रायव्हरची ही आवृत्ती, एवढी जोडी आम्ही चालवून पाहिली आहे. सॉलिडवर्क्समध्ये "रिअलव्ह्यू" म्हणून सोय आहे, भागावर धातूची खरी चमक दिसते; जीफोर्सवर ते बटण नुसतं करड्या रंगाचं होऊन बसतं. आणि उद्या दोन हजार भागांची असेंब्ली उघडताना पडदा फाटला, फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, कार्ड यादीत आहे का? नसेल तर आधी यादीतलं आणा म्हणतात. ग्राहकाची ट्रायल सोमवारी असली की त्या एका प्रश्नाची किंमत लाखाच्या वर जाते.

"मग जीफोर्सवाले काय करतात?" मी विचारलं. त्याने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन कार्डाचं नाव लिहून येतात. बटण उजळतं." अगं बाई! म्हणजे खोटं आडनाव लावून पंगतीला बसायचं. आणि हे तो सांगत होता कुणाला, तर कर सल्लागाराला. मी ऐकलंच नाही असं केलं.

प्रमाणपत्र कामाचं कुणाला, हा मात्र प्रश्न उरतोच. आर्किटेक्ट बाईंचं सगळं काम प्लॅन काढायचा आणि मग लुमियनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बिल्डरला संध्याकाळच्या उन्हातला बंगला दाखवायचा. त्याला कोट लागत नाही, कार्डावरची मेमरी आणि दम लागतो. दिव्यांवालं लेकरू ते काम झकास करतं. एनव्हिडिया २०१९ पासून जीफोर्ससाठी अशा कामाचे वेगळे "स्टुडिओ" ड्रायव्हरही देते. बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय, पण साइटवर बिल्डरसमोर लाल-निळा चमकणारा लॅपटॉप उघडायचा?" मुद्दा बिनतोड. दिवे बंद करता येतात हे सांगायचा धीर झाला नाही.

प्रोसेसरची तर वेगळीच हौस. चोवीस कोअर पाहिजेत. इंटेलचा आय९-१३९५०एचएक्स घ्या: आठ दांडगे कोअर, सोळा बेताचे, मिळून चोवीस. कशासाठी? सॉलिडवर्क्समध्ये मॉडेलची पुनर्रचना होते तेव्हा एक पायरी झाली की पुढची पायरी, त्यामुळे ओझं बहुतेक एकाच कोअरवर. ऑटोकॅडच्या सपाट ड्रॉइंगचंही तेच. बाकीचे तेवीस शेजारी उभे राहून बघतात, महापालिकेने रस्ता खणला की उभे राहतात तसे. चित्र रेंडर करायचं असेल, सिम्युलेशन चालवायचं असेल, तर सगळे कामाला लागतात आणि मग खरंच फरक पडतो. पण पिंपळे सौदागरच्या टू बीएचकेचा प्लॅन काढायला चोवीस कोअर म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एका कोअरचा वेग किती, हे बघावं. तक्त्यात तो रकाना मला एकाही पठ्ठ्याने दाखवला नाही.

आता मी जे सांगणार आहे त्यावर दोन जणांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. विकणाऱ्याच्या पत्रकात वर ठळक अक्षरात कार्डाचं नाव असतं. पत्रक खाली सरकवत जा. पडदा, पोर्ट, कॅमेऱ्याचं झाकण, बोटाचा ठसा, अमेरिकी सैन्याच्या मिल-एसटीडी-८१० मानकाप्रमाणे चाचण्या (चाचण्या कंपनी स्वतःच करते, कुणी सुभेदार येत नाही). सगळं संपलं की अगदी तळाला, भिंग लागेल अशा टाइपात, एक आकडा: ग्राफिक्सला मिळणारी वीज, वॅटमध्ये. कधी कधी तोही नसतो. त्या आरटीएक्स ५००० एडाला एनव्हिडियाने मुभा दिलीये ८० वॅटपासून १७५ वॅटपर्यंत. म्हणजे नाव तेच, चिप तीच, पण सडपातळ डब्यात तिला निम्म्याहूनही कमी खायला मिळतं. पूर्वी अशा उपाशी कार्डांच्या नावापुढे "मॅक्स-क्यू" असं लिहिलेलं असायचं, निदान गिऱ्हाईक सावध व्हायचं. २०२१ च्या पिढीपासून नावातली ती शेपटी गेली. मग होतं काय, एखादा हौसेने सडपातळ, दोन किलोच्या आतला, सगळ्यात वरच्या कार्डाचा डबा घेतो, आणि शेजाऱ्याच्या जाडजूड डब्यातलं एक पायरी खालचं कार्ड त्याच्यापुढे निघून जातं. याला घोटाळा म्हणायचं नाही म्हणे, तळटीप म्हणायचं.

जाडजूड डब्याची मजा मात्र बघण्यासारखी. थिंकपॅड पी१६ घ्या, तीन किलोच्या आसपास. त्याचा २३० वॅटचा अडॅप्टर वेगळा, वीट म्हणतात ते उगाच नाही. बॅटरी कितीही भारी असली तरी शंभर वॅट-अवरच्या आतच थांबते, कारण त्याच्या वर गेली की विमानात न्यायला एअरलाइनची परवानगी काढावी लागते. आता हिशेब तुम्हीच करा. दोनशे वॅट खाणारं यंत्र आणि शंभरच्या आतली बॅटरी. म्हणून पूर्ण दमाने काम करायचं तर प्लग लावूनच. बॅटरीवर आलं की यंत्र स्वतःच हात आखडतं. चाकणच्या शॉप फ्लोअरवर ही मोबाइल मंडळी आल्या आल्या आधी काय शोधतात माहितीये? भिंतीतला सॉकेट. तीन पिनांचा.

काकूंच्या मुलाचं ऐकून तर मी पाणी प्यायले. काकूंचा फोन आला, "ताई, ईसीसी म्हणजे काय हो? पोरगा म्हणतो त्याशिवाय प्रोजेक्ट होणार नाही." चौकशी केली. ईसीसी म्हणजे चूक सुधारणारी मेमरी. अंतराळातून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने मेमरीतला एखादा शून्य एक होऊ शकतो, ते ही मेमरी ओळखते आणि दुरुस्त करते. सर्व्हरला हवी, दिवसेंदिवस चालणाऱ्या सिम्युलेशनला हवी. २०१५ मध्ये लेनोव्होने पी५० आणि पी७० मध्ये झिऑन प्रोसेसर घालून ती लॅपटॉपात आणली तेव्हा जाणकारांनी टाळ्याही वाजवल्या. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या गिअरबॉक्सच्या असाइनमेंटवर अंतराळातून कोण कशाला नेम धरेल? काकूंना म्हटलं, त्याला विचारा कॉलेजच्या लॅबमध्ये बसतोस का. बसत नाही. मग घरी काय चालतं? रात्री उशिरापर्यंत हेडफोन आणि आरडाओरडा चालतो. समजलं. काकूंना दिव्यांवाल्या लेकराचा भाव सांगितला, त्या एकदम प्रसन्न झाल्या.

निवृत्त काकांचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडतं. त्यांना ए.आय. घरातच चालवायचंय. "आपले कागद परक्याच्या सर्व्हरवर का पाठवायचे?" बँकेत जन्म गेलेल्या माणसाचा प्रश्न, त्याला उत्तर नाही. पण सत्तर अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांवर दाबून बसवलं तरी चाळीस जीबीच्या आसपास जागा खातं, आणि वर्कस्टेशनमधलं आरटीएक्स प्रो ५००० कार्डसुद्धा २४ जीबीवर थांबतं. मग काकांनी शोधून काढलं एचपीचं झेडबुक अल्ट्रा जी१ए. २०२५ ची आवृत्ती, चौदा इंची, दीड किलोच्या जरा वर, एएमडीचा प्रोसेसर, आणि मेमरी १२८ जीबीपर्यंत, त्यातली ९६ पर्यंत ग्राफिक्सच्या वाटणीला देता येते. मेमरी बोर्डावरच झाळलेली, नंतर वाढवायची सोय नाही, म्हणून पहिल्याच दिवशी छाती करून घ्यावी लागते. आणि हे सगळं कशासाठी? सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्ताचा सारांश काढायला! गेल्या सभेत पाण्याच्या टँकरवरून दोन तास कोण कुणाला काय म्हणालं, ते आपल्या घराबाहेर जाता कामा नये. सेक्रेटरींची झोप उडाली आहे.

त्यात २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले. ए.आय.ची डेटा सेंटर मेमरी ओढून घेताहेत आणि इथे स्लॉट रिकामे ठेवून "नंतर स्वस्तात टाकू" म्हणणारे शहाणे कपाळाला हात लावून बसलेत. इतकी वर्षं तोच सल्ला बरोबर होता. कंपनीकडून कमीत कमी मेमरीचं यंत्र घ्यायचं, बाकीची बाहेरून आणून स्वतः बसवायची, पंचवीस-तीस हजार वाचवायचे. आता तो सल्ला देणारे मेहुणे फोन उचलत नाहीत.

भावाचं बोलायचं तर अमेरिकेतला भाचा आलाच. सगळ्यांचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तिथल्या साइटवर छापील भाव खोडलेला, शेजारी चाळीस-पंचेचाळीस टक्के सूट, आणि ती सूट बारमाही. खोडलेल्या भावात घेणारा माणूस जगात जन्मला असेल असं मला वाटत नाही. भाच्याने यावं, हातात एक लॅपटॉप आणावा; अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, नियम सरळ आहे. लोक खूश. मग माझ्याकडे येतात. "मॅडम, हा खर्चात टाका." बिल कुणाच्या नावाचं? भाच्याच्या. त्यावर जीएसटी क्रमांक? नाही. उलट न्यू जर्सीचा साडेसहा टक्क्यांहून जास्त विक्रीकर भरलेला, तो परत मिळत नाही. भोसरीच्या गृहस्थाने इथे स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर घेतलं, त्रेसष्ट हजारांचं क्रेडिट त्याला मिळालं. आयकरात संगणकाला घसारा चाळीस टक्के, म्हणजे उरलेल्या साडेतीन लाखांवर पहिल्याच वर्षी एक लाख चाळीस हजार. पण वर्षात १८० दिवस वापर झाला पाहिजे, नाहीतर निम्माच, सत्तर हजार. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत घ्यायचं. तक्ते रंगवत बसलेली मंडळी नेमकी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जागी होतात आणि मग मलाच विचारतात, बिल जुन्या तारखेचं मिळेल का. मिळणार नाही! आणि विचारलं म्हणून फी वाढेल.

शेवटी ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कुजबुज चालली आहे, त्याचं सांगते. मोल्ड डिझाइन करणारे एक मुरलेले गृहस्थ, पंचवीस वर्षं या धंद्यात. त्यांच्या कार्डाला, वॅटना, कोअरना कुणी हसू शकत नाही, कारण ते कधी बोलतच नाहीत. ते मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले आणि मोठ्या कंपन्या भाडेकरार संपला की तीन-चार वर्षांनी जी यंत्रं गठ्ठ्याने काढून टाकतात, त्यातलं एक उचलून आणलं. आरटीएक्स ए३०००, जाड डबा, सॉलिडवर्क्सच्या यादीत नाव, बिल पाऊण लाखाच्या आत. घसारा त्यालाही चाळीस टक्केच. यांच्यापुढे आमची साडेतीन लाखवाली मंडळी आता नाक मुरडतात: जुनं आहे, वॉरंटी नाही, कुणी किती वापरलंय कोण जाणे. यंत्र मात्र त्यांच्या पाचशे भागांच्या असेंब्ल्या निमूट उघडतं. एकच अडचण झाली. झाकणावर आधीच्या आयटी कंपनीचं बारकोडवालं स्टिकर इतकं घट्ट की निघेना. परवा एका ग्राहकाने मीटिंगमध्ये ते वाचलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तिकडे कधी जॉइन झालात?" हे माउसवरून नजर न उचलता म्हणाले, "झालो कुठे? नोटीस पिरिअडवर आहे."